बोअरच्या पाण्यातली ऊब: वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

जमिनीतल्या उष्णतेवर चालणाऱ्या हीटपंपाबद्दल गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. युरोपात घरे तापवायला वापरले जाणारे हे यंत्र आता आपल्याकडे कुक्कुटपालन, रेशीम आणि वसतिगृहांपर्यंत आले आहे. तत्त्व फ्रिजचेच आहे. फ्रिज आतली उष्णता ओढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तर हीटपंप ती जमिनीतून ओढून शेडमध्ये किंवा पाण्याच्या टाकीत सोडतो. जमिनीतून ओढायची कशी, यावर पाण्याचा सगळा हिशेब ठरतो. बोअरचे पाणी उपसून त्यातली उष्णता काढता येते, किंवा जमिनीत बंद नळी पुरून एकदाच भरलेले पाणी तिच्यात फिरवत ठेवता येते. विक्रेते बऱ्याचदा दोन्हींना एकाच नावाने विकतात. निवडक प्रश्न पुढे देत आहोत.

प्रश्न : आमची ५,००० पक्ष्यांची ब्रॉयलर शेड आहे. थंडीत पिलांना ऊब द्यायला गॅस ब्रूडर लावतो. एका विक्रेत्याने बोअरच्या पाण्यावरचा हीटपंप सुचवला आहे. 'पाणी नुसते आत येते आणि बाहेर जाते, खर्च होत नाही' असे तो म्हणतो. पाणी ३०० फुटांवर आहे. वापरलेले पाणी शेडमागच्या ओढ्यात सोडणार आहोत. हे योग्य आहे का?
*वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)*

उत्तर : ओढ्यात सोडणार असाल तर नाही. यंत्रातून पाणी जसेच्या तसे बाहेर पडते, एवढे विक्रेत्याचे खरे आहे. पण तुमच्या बोअरच्या दृष्टीने ते गेलेलेच असते.

आकडे मांडून पाहू. पिलामागे २ वॅट या नेहमीच्या हिशेबाने ५,००० पिलांना १० किलोवॅट ऊब लागते. हीटपंप चांगला असेल तर त्यातले अडीच किलोवॅट विजेतून येतात आणि साडेसात जमिनीतून. आपल्याकडे बोअरचे पाणी बारा महिने साधारण २६ ते २८ अंशांवर असते. त्यातून ५ अंश काढून घेतले, तर एक युनिट (किलोवॅट-तास) उष्णतेसाठी १७२ लिटर पाणी यंत्रातून जावे लागते. म्हणजे साडेसात किलोवॅटसाठी तासाला जवळपास १,३०० लिटर, आणि दहा तासांच्या रात्रीला १३,००० लिटर. हा पूर्ण भाराचा आकडा आहे. दुसऱ्या आठवड्यात पिलांना पिसे फुटू लागली की गरज उतरते, पण यंत्र आणि बोअर पूर्ण भाराला पुरणारेच लागतात.

१३,००० लिटर म्हणजे रोज एक मोठा टँकर. ग्रामीण नळयोजनेच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने ते २३५ माणसांचे एका दिवसाचे पाणी होते. हिवाळ्यात पिलांचे तीन लॉट आणि प्रत्येकाला वीस रात्री धरल्या, तर हंगामाचा उपसा ७ लाख ८० हजार लिटर. हे पाणी एका एकरावर पसरले तर १९ सेंटीमीटर उभे राहील. त्यात हरभऱ्याच्या जवळपास तीन पाळ्या निघतात.

जमिनीखालचा हिशेब याहून कडक आहे. आपला काळा पाषाण (बेसाल्ट) पाणी फक्त भेगांत, सांध्यांत आणि वरच्या मुरमात धरतो. एक घनमीटर खडकातून १० ते ३० लिटर पाणी सुटले तरी पुष्कळ. घनमीटरला २० लिटर धरले, तर वरचा उपसा एका एकराखालची पाणीपातळी साडेनऊ मीटरने उतरवण्याइतका आहे. प्रत्यक्षात तो आजूबाजूच्या रानात विभागला जातो. म्हणजे त्यातला काही भार शेजाऱ्याची विहीर उचलते, तीही नेमकी जानेवारी-फेब्रुवारीत.

विजेची बचतही जाहिरातीइतकी होत नाही. एक युनिट विजेत चार युनिट ऊब, असे माहितीपत्रकात छापलेले असते. पण १,३०० लिटर पाणी ३०० फुटांवरून वर आणायला सबमर्सिबलला सुमारे पाऊण ते एक युनिट लागते. तो धरला की चाराचे गुणोत्तर तिनाच्या खाली येते. पाणी ६०० फुटांवर गेले तर ते अडीचच्याही आत जाते. 'वीज वाचली म्हणजे वीजकेंद्राचेही पाणी वाचले' हा युक्तिवाद कोणी केला, तर त्याचेही माप आहे. परळीचे औष्णिक केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, त्यामुळे प्रश्न अगदीच पोकळ नाही. जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा आहे. साध्या हीटरऐवजी हीटपंप लावल्याने तासाला साडेसात युनिटे वाचली, तर तिकडे फार तर २६ लिटर वाचतील. इकडे उपसा १,३०० लिटर.

मात्र तुम्ही रब्बीला ठिबकने पाणी देतच असाल, तर चित्र बदलते. जे पाणी शेतात जाणारच आहे, त्यातली उष्णता वाटेत काढून घ्या. रोज २०,००० लिटर ठिबकला जात असेल, तर ५ अंशांच्या फरकात त्यातून ११६ युनिटे उष्णता मिळते. तुमच्या रात्रीच्या गरजेला (७५ युनिटे) ती पुरून उरते, आणि एक लिटरही जास्त उपसावे लागत नाही. २२ अंशांच्या पाण्याने पिकाचे काही बिघडत नाही. अडचण वेळेची आहे. शेतीपंपाची वीज पाळीने येते आणि ऊब मात्र रात्री लागते. म्हणून दोन टाक्या हव्यात. वीज असताना पहिली भरायची, रात्री तिचे पाणी प्लेट एक्स्चेंजरमधून (पातळ पत्र्यांमधून पाण्यातली उष्णता काढून घेणाऱ्या भागातून) दुसरीत सोडायचे आणि सकाळी दुसरीतून ठिबक चालवायचे. प्रत्येक टाकी किमान १३,००० लिटरची हवी आणि पहिली झाकलेली हवी. थंडीच्या रात्री उघड्या टाकीतले पाणी आपणच दोन-तीन अंश गमावते. एक्स्चेंजरच्या आधी जाळीचा फिल्टर बसवा. प्लेटांमधली फट दोन-चार मिलिमीटरची असते आणि बोअरची बारीक रेती तिथेच अडकते.

हे सगळे करण्याआधी शेड बघा. पडदे फाटके आहेत का, पिलांभोवतीचे कडे गरजेपेक्षा मोठे आहे का, तूस दोन इंचांहून पातळ आहे का? पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश हवेत, सगळ्या शेडमध्ये नव्हे. आतून दुसरा पडदा लावून ब्रूडिंगची जागा वेगळी केली, तर बऱ्याच शेडमध्ये १० किलोवॅटची गरजच उरत नाही.

प्रश्न : रेशीम कीटक संगोपनगृह उन्हाळ्यात थंड ठेवायला बोअरचे २७ अंशांचे पाणी कॉइलमधून फिरवले तर कूलरच्या पॅडइतके पाणी लागणार नाही, असे वाटते. बरोबर आहे का?
*वाचक, बदनापूर (जि. जालना)*

उत्तर : अगदी उलट आहे. कॉइलमधून जाताना पाणी ५ अंश तापले, तर एक युनिट गारव्याला तेच १७२ लिटर लागतात. पॅडवर मात्र पाणी वाफ होऊन जाते आणि जाताना भरपूर उष्णता घेऊन जाते. एक युनिट गारव्याला दीड लिटर वाफ पुरते. क्षार साचू नयेत म्हणून थोडे पाणी सतत बाहेर सोडावे लागते, ते धरून दोन लिटर. शिवाय २७ अंशांच्या पाण्याने खोली २७ च्या खाली जाणारच नाही, आणि मोठ्या अळ्यांना हवे असतात २४-२५ अंश.

एप्रिलमध्ये बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना नीट भिजलेल्या पॅडमधून हवा २६ च्या आसपास बाहेर पडते. अळ्यांना हवी असलेली ७०-७५ टक्के आर्द्रताही त्याच कामात मिळते. कॉइल हवा कोरडीच ठेवते. पॅडचे सोडलेले पाणी खारट असते. ते तुतीच्या एकाच ओळीला रोज न देता जागा बदलत द्या. जूनमध्ये हवा दमट झाली की पॅड निरुपयोगी होतो. तेव्हा तो बंद करून नुसते पंखे चालवा, नाहीतर शेडमध्ये बुरशी येते.

प्रश्न : नांदेड जिल्ह्यात उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. मग मराठवाड्यात खोल बोअर घेतला तर गरम पाणी लागेल का?
*वाचक, हदगाव (जि. नांदेड)*

उत्तर : नाही. उनकेश्वरचे पाणी फार खोलवर जाऊन तापते आणि तिथल्या खडकातल्या मोठ्या भेगेतून लवकर वर येते. अशी वाट सगळीकडे नसते. एरवी १०० मीटर खाली गेल्यावर तापमान अडीच-तीन अंशांनी वाढते. ६०० फुटांच्या बोअरमध्ये फार तर पाच अंश. तेवढ्यासाठी २०० मीटरवरून पाणी उचलणे परवडत नाही. खोल थरातल्या पाण्याचे पुनर्भरणही फार सावकाश होते.

प्रश्न : शेतात ५०० फुटांचे दोन कोरडे बोअर पडून आहेत. त्यांत बंद नळी घालून पाण्याशिवाय जमिनीतली ऊब घेता येईल का? घेता येत असेल तर नेमके काय करायचे?
*वाचक, परतूर (जि. जालना)*

उत्तर : येईल. मराठवाड्यात या तंत्राचा खरा उपयोग इथेच आहे. बोअर खोदण्याचा खर्च हा या कामातला सर्वांत मोठा, आणि तुमचा तो होऊन गेलेला आहे. मात्र नळी टाकून वर माती लोटली की झाले, असे नाही.

आधी बोअर किती उघडा आहे ते बघा. दोरीला वजन बांधून सोडा. पडून राहिलेला बोअर बऱ्याचदा गेरूच्या तांबड्या थरापाशी ढासळलेला असतो आणि ५०० फुटांचा तीनशेच उरतो. त्याने फारसे बिघडत नाही, कारण पूर्ण ५०० फूट वापरायचेच नाहीत. याचे कारण दाबात आहे. नळी पाण्याने भरली की १५० मीटर खाली आतला दाब चौरस सेंटीमीटरला १५ किलोपर्यंत जातो. पाण्याने भरलेल्या बोअरमध्ये बाहेरचे पाणी तो तोलून धरते. कोरड्या बोअरमध्ये बाहेर काहीच नसते. १६ किलो दाबाची एचडीपीई (प्लास्टिकची) नळी २७-३० अंशांच्या तापमानात तेवढा दाब कायम पेलत नाही. म्हणून कोरड्या बोअरमध्ये १०० मीटर, म्हणजे ३३० फूट, ही मर्यादा पाळा. त्याखालचा भाग बोअरच्याच चुरीने भरा आणि वर दोन-तीन मीटर बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) टाकून बंद करा.

नळी ३२ मिलिमीटरची, पीई १०० प्रतीची, एसडीआर ११ जाडीची, आयएस ४९८४ या भारतीय मानकाचा शिक्का असलेली घ्या. तळाचा यू-तुकडा कारखान्यात वेल्ड केलेला हवा आणि दोन्ही नळ्या वरपर्यंत अखंड हव्यात. बोअरच्या आत एकही जोड नको. ठिबकचे कॉम्प्रेशन जोड तर मुळीच नकोत. ते गळायला लागले की काढायची सोय नसते. खाली सोडण्याआधी नळीत पाणी भरा, हवा काढा आणि तासभर दाबाखाली ठेवून काटा उतरतो का ते बघा. यू-तुकड्याला १५-२० किलो वजन बांधून भरलेलीच नळी सोडा. तळाला टेकल्यावर तीच चाचणी पुन्हा करा. उतरताना धारदार खडकाने नळी कापली असेल, तर ते भराव घालण्याआधी कळायला हवे.

आता भराव. बहुतेक कामे बिघडतात ती इथेच. साडेसहा इंची बोअरमध्ये नळ्या वजा जाता मीटरला जवळपास २० लिटर पोकळी असते, म्हणजे १०० मीटरला २,००० लिटर. भेगांत जाणारे धरून २,५०० लिटरची तयारी ठेवा. बेंटोनाइट, बारीक सिलिका वाळू, थोडे सिमेंट आणि पाणी यांचा पंपातून जाईल असा गारा करा. तो तिसऱ्या बारीक नळीने तळापासून वर भरत या आणि गारा चढेल तशी ती नळी वर ओढा. वरून ओतलेला गारा मध्येच अडकतो आणि खाली हवेच्या पोकळ्या राहतात. हवा उष्णता जाऊ देत नाही, त्यामुळे तेवढी नळी फुकट जाते. भरताना यू-नळी पाण्याने भरलेली आणि वरून बंद असू द्या. गारा पाण्यापेक्षा जड असतो, रिकामी नळी तो चेपतो. खडी किंवा माती टाकून काम उरकू नका. मग शेतातले खत-नत्राचे पाणी त्याच वाटेने खालच्या थरात उतरते आणि गावच्या पिण्याच्या विहिरी बिघडतात. कोरडा बोअर उघडा ठेवला तरी हेच होते. म्हणजे नीट भरल्याने निदान ती वाट तरी बंद होते.

आता पाण्याचा हिशेब. १०० मीटरच्या यू-नळीत १०८ लिटर पाणी मावते, आणि ते एकदाच भरायचे. गाऱ्याला लागणारे धरले तरी एका बोअरला दोन हजार लिटरच्या आत काम होते. युरोपातल्या माहितीपत्रकात गोठणविरोधी द्रव मिसळायला सांगतात. आपल्या जमिनीत त्याची गरज नाही. साधे मऊ पाणी आणि गंजरोधक एवढे पुरे. ग्लायकॉल (हाच गोठणविरोधी द्रव) विकायचा आग्रह झाला तर नको म्हणा. गळती झालीच तर जमिनीत पाणीच जावे.

उष्णता किती मिळेल? आपल्या कोरड्या बेसाल्टमध्ये मीटरला ३५ वॅटच धरा. विक्रेते ५० किंवा ६० सांगतात, पण तो ओल्या खडकाचा आकडा असतो. १०० मीटरला साडेतीन किलोवॅट जमिनीतून, हीटपंपातून बाहेर पडताना साडेचार. दोन बोअरमधून नऊ. मोठे काम असेल तर आधी उष्णता-प्रतिसाद चाचणी करून घ्या. त्यात नळीत ठरावीक उष्णता दोन दिवस सतत सोडतात आणि पाण्याचे तापमान कसे चढते ते नोंदतात. तुमच्या दोन बोअरांसाठी तो खर्च कदाचित जड होईल, तेव्हा ३५ चा आकडा धरून चाला. दोन बोअरांत किमान सहा मीटर अंतर हवे, नाहीतर दोघे एकाच खडकातली ऊब ओढतात. प्रत्येक नळीतून मिनिटाला १५ लिटर पाणी फिरू द्या. सुरुवातीला हवा काढताना मात्र मिनिटाला २० लिटरच्या वर लागते. हवेचा बुडबुडा यू-नळीच्या माथ्याशी बसला की पंप नुसता घरघरतो आणि पाणी फिरत नाही.

आणखी एक मुद्दा विक्रेता काढणार नाही. थंडीत ऊब घेणे दोन-अडीच महिन्यांचे, पण उन्हाळ्यात याच नळ्यांत उष्णता सोडून थंडावा घेतला तर तो चार-पाच महिन्यांचा होतो. मग खडक दरवर्षी थोडा थोडा तापत जातो आणि काही वर्षांनी उन्हाळ्यातले काम मंदावते. तुमच्याकडे दोनच बोअर आहेत, तेव्हा ते थंडीसाठी राखा.

परवानगीचेही बघा. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरींवर आणि पिण्याच्या सार्वजनिक स्रोताच्या ५०० मीटर परिसरातल्या विहिरींवर निर्बंध आहेत. तुम्ही उपसा करणार नसलात तरी बोअर जुना, कोरडा आहे आणि बंद नळीसाठी भरायचा आहे, असे जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. नवा बोअर मात्र या कामासाठी आधी विचारल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न : आमच्या वसतिगृहात २०० मुली आहेत. गरम पाण्यासाठी दोन बोअरांचा हीटपंप बसवला. एकातून पाणी घेतो, दहा मीटरवरच्या दुसऱ्यात परत सोडतो. चार महिन्यांत परतीचा बोअर तोंडातून वाहू लागला आणि घेतलेले पाणी २७ वरून २३ अंशांवर आले. काय चुकले?
*वाचक, लातूर*

उत्तर : इथे दोन वेगळे दोष आहेत.

तापमान उतरले ते अंतर कमी असल्याने. बेसाल्टमध्ये पाणी एकसारखे झिरपत नाही, एखाद्या भेगेतून सरळ धावते. परत सोडलेले गार पाणी त्याच भेगेने पहिल्या बोअरला येते आहे. दहा मीटर फारच कमी आहे. भेगेची दिशा ठाऊक नसेल तर तीस-चाळीस मीटरचीही खात्री नाही.

बोअर वाहतो तो तुंबल्यामुळे. परतीच्या नळीचे टोक पाणीपातळीच्या वर लोंबत आहे का, हे पहिले बघा. तसे असेल तर पाणी धबधब्यासारखे पडते, हवा घेऊन जाते, बुडबुडे भेगांत अडकतात आणि विरघळलेले लोह तांबूस गाळ होऊन बसते. टोक पातळीच्या काही मीटर खाली न्या. नळीच्या शेवटी झडप बसवून थोडी आवळा, म्हणजे नळी कायम भरलेली राहील. मध्ये कुठे उघडी टाकी असेल तर काढा. पाणी घेताना शंभर मायक्रॉनचा डिस्क फिल्टर लावा. झालेला गाळ कॉम्प्रेसरने उलटा उपसून काढावा लागेल, आणि तो दर हंगामात काढावा लागेल. एवढे करूनही खडक जितके देतो तितके परत घेईलच असे नाही. पावसाळ्यात पातळी वर आली की परत घेण्याची ताकद आणखी घटते.

तेव्हा दुरुस्तीआधी हे पाहा. मुलीमागे २० लिटर, म्हणजे रोज ४,००० लिटर पाणी २२ वरून ५० अंशांवर न्यायला १३० युनिटे उष्णता लागते. त्यातली ९३ जमिनीतून घ्यायला रोज १६,००० लिटर बोअरचे पाणी फिरवावे लागते. अंघोळीच्या पाण्याच्या चौपट! आणि परतीचा बोअर तुंबला की ते सरळ गटारात जाते. २०१६ च्या उन्हाळ्यात तुमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

लातुरात जानेवारीतही दुपारी हवा २८-३० अंशांवर असते. म्हणजे हवा बोअरच्या पाण्याइतकीच उबदार, आणि ती उपसावी लागत नाही. हवेवर चालणारा २६ किलोवॅटचा हीटपंप दुपारी बारा ते पाच चालवा आणि ४,००० लिटरच्या जाड आवरणाच्या टाकीत पाणी साठवा. वीज साधारण ३७ युनिटे लागेल. पहाटेपर्यंत पाणी दोन-चार अंशच उतरते. गच्चीवर ८० चौरस मीटर जागा असेल तर सौर पत्रे लावा आणि हीटपंप ढगाळ दिवसांसाठी ठेवा. सध्याचे यंत्र पाण्यावरचे असले तरी त्याची टाकी, फिरते पंप आणि गरम बाजूचे पाइप तसेच वापरता येतील. पहिला बोअर पिण्यासाठी मोकळा होईल. परतीच्या बोअरला गाळ काढून, वर वाळूचा फिल्टर बांधून गच्चीचे पावसाचे पाणी जोडा. मात्र जोडण्याआधी त्यातले पाणी एकदा तपासून घ्या. तुंबलेल्या बोअरमध्ये जिवाणूंची बुळबुळीत साय धरलेली असते, ती ब्लीचिंगने धुऊन, उपसून काढल्यावरच पावसाचे पाणी आत सोडा.